मोटारीला घातलेलं पहिलं तेल

आमच्या धाड गावातल्या घरी जवसाच्या तेलाची एक पितळी चरवी होती. तिच्या आतल्या अंगाला तपकिरी पापुद्रा बसलेला असे. राखेनं घासा, चिंचेनं घासा, तो निघायचा नाही. जवसाचं तेल वाळतं, आणि वाळलं की चामड्यासारखं चिकटून बसतं. आमच्या भागातल्या बायकांना हे ठाऊक असतं, सुतारांना ठाऊक असतं, आणि मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच वेळा 'मला काय माहीत' असा चेहरा करणार आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, आमचं सरकार नागपुरात बसत होतं आणि मी बुलढाण्याच्या कचेरीत नवा वकील होतो. नवा म्हणजे कोट नवा, टेबल नवं आणि अक्कलही बरीचशी न वापरलेली. जुने वकील दमणीतून कचेरीला येत. दमणीचे बैल धष्टपुष्ट, त्यांच्या गळ्यात घुंगरं, आणि आत वकीलसाहेब डुलत बसलेले. मला त्यांच्याहून वरचढ दिसायचं होतं, तेही लगेच. म्हणून मला मोटार हवी होती. गरज म्हणाल तर काडीची नव्हती. माझं घर कचेरीपासून पायी दहा मिनिटांवर होतं.

गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं आपली मोटार तिची देखभाल करणाऱ्या मिस्त्र्याकडे विकायला दिली. धाडच्या रस्त्याला, गाव संपतं तिथे, या मिस्त्र्याची पत्र्याची शेड होती. माणूस मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलणं मोजकं. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातल्या इंजिनांवर हात बसलेला. एरवी त्याच्याकडे सायकली, शिवणयंत्रं आणि विहिरीवरचे पंप येत. मोटार क्वचितच यायची. मी विकत घेतो म्हटल्यावर कोणीही दुसऱ्या दिवशी चावी हातावर ठेवली असती. यानं मला दोन महिने थांबवलं. सगळं इंजिन खोललं, धुतलं, झिजलं होतं ते बदललं आणि पुन्हा बांधलं. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन स्टुलावर बसायचो आणि त्याचं डोकं खायचो.

शेवटी मोटार ताब्यात द्यायच्या दिवशी तो हात पुसत म्हणाला, "वकीलसाहेब, हे इंजिन म्या माह्या हातानं बांधलं हाय. दहा वर्स याले काही होत नाही. ही माही जबान हाय."

मग त्यानं तेलाचा एक डबा माझ्यासमोर ठेवला. "फकत ह्या डब्यातलं तेल. दुसरं थेंबभर बी नाही. लोक कायबी टाकतेत अन् मंग मिस्त्र्याले शिव्या देतेत."

"मी काय अडाणी आहे का?" मी हसून म्हटलं.

"नाही ना. म्हनून तं सांगून राह्यलो. अडानी मानूस इचारून टाकते."

त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. चिखलीचा जिनवाला शेठ माझा पक्षकार होता. त्याच्याकडे कापूस वाहायला दोन लॉऱ्या होत्या आणि त्या सांभाळायला, शिवाय जिनाचं इंजिन बघायला, त्याला कायमचा माणूस हवा होता. मिस्त्र्याला ते काम मिळालं असतं तर त्याचं सायकलींचं पंक्चर काढणं सुटलं असतं. "शेठजीच्या कानावर एक शब्द टाका," तो म्हणाला. "तुमची मोटारच माही चिठ्ठी हाय." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. तेव्हा मला शब्द द्यायला फार आवडत असे.

दसऱ्याला मी मोटार घेऊन धाडला गेलो. वडील वारले होते. शेती माय बघायची, आणि तिच्या हाताखाली आमचा जुना सालदार. मी गावात शिरलो तेव्हा माझ्यामागे अर्धं गाव होतं. मायनं दारात उभं राहून मोटारीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "हिले वैरन काय लागते रे?" लोक हसले, मीही हसलो. मग तिनं नांगर, वखर, तिफण यांच्या रांगेत मोटार उभी करायला लावली, नाकावर कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवी बैलगाडी दारात आली की घरच्या जवसाचं तेल तिच्या चाकांना चोळायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही, आणि आखाला पहिलं तेल घरच्या बाईनं घालायचं. त्याशिवाय गाडी जुंपायची नाही. माय लग्न होऊन आली तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गाडीचं पहिलं तेल तिच्याच हातचं. मोटार येणार म्हणून तिनं महिनाभर आधीच घरचं जवस तेल्याकडे नेऊन, स्वतः घाण्यापाशी बसून तेल काढून आणलं होतं. ती चरवी घेऊन ती मोटारीपाशी आली.

"बाबू, हिचा आख कुठी हाय?"

मी चाकाकडे बोट दाखवलं असतं तर काही बिघडलं नसतं. चाकाच्या टोपणावर तिनं थेंब सोडला असता, शकुन झाला असता, आणि ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण अवतीभोवती भाऊबंद उभे होते, लहानपणी ज्यांनी मला 'हे पोरगं नुसतं पुस्तकात नाक खुपसून बसते' म्हणून चिडवलं होतं ते सगळे. मला यंत्राची विद्या दाखवायची होती. मी मोटारीचं झाकण वर केलं आणि शाळामास्तरासारखा म्हणालो, "माय, मोटारीचा आख चाकात नसतो. पोटात असतो."

इंजिनातल्या तेलाचं टोपण मी काढलं. तिनं धार सोडली. बोटभर तेल गेल्यावर ती थांबली. "पुरे रे, शकुनापुरतं झालं."

मी तेल मोजायची काडी काढून पाहिली. तेल थोडं खाली गेलेलं होतं. मिस्त्र्याचा डबा बुलढाण्याला घरी पडलेला. मी म्हटलं, "घाल, सगळं घाल. हिलाही घरचं खाऊ दे."

लोक पुन्हा हसले. मायनं चरवी पालथी केली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी माझ्या वकिलीच्या परीक्षेच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. मिस्त्र्याचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणायला मला आवडेल. पण आठवलं होतं. एवढ्याशा तेलानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं, इतकंच.

सहा-सात आठवडे काही झालं नाही. मोटार कचेरीला जायची, माझ्याबरोबर मिरवायची. बुलढाण्याला परतल्यावर डब्यातलं तेल मी वरून घातलं आणि मायचं तेल विसरून गेलो. दिवाळीनंतर इंजिनातून एक बारीक ठकठक यायला लागली. धाडला जाताना मिस्त्र्याची शेड रस्त्यातच लागायची, थांबून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. पण मी शेडवरून जाताना भोंगा वाजवायचो, हात करायचो आणि पुढे निघायचो.

कापसाचा हंगाम भरात आला. चिखलीचा शेठ एका तारखेला बुलढाण्याच्या कचेरीत आला होता आणि तिथून त्याला धाडच्या बाजारात कापूस पाहायला जायचं होतं. मी म्हटलं, शेठजी, माझ्या मोटारीतून चला. मिस्त्र्यासाठी शब्द टाकायची यापेक्षा चांगली संधी कुठली? रस्ताभर मी मिस्त्र्याची तारीफ केली. हात कसा आहे, माणूस कसा आहे, इंजिन कसं बांधलंय. शेठ कमी बोलायचा. धाड दोन-अडीच मैल राहिलं असताना त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "ठीक आहे. उद्या पाठवून द्या त्याला चिखलीला."

मी हे अगदी जसंच्या तसं लिहितोय. शेठनं हो म्हटलं होतं. काम झालं होतं.

त्यानंतर फर्लांगभर गेलो असू. ठकठक एकदम मोठी झाली, खालून कोणी हातोडा मारावा तशी. मोटारीनं दोन आचके दिले, आतून कडाड असा आवाज झाला आणि ती जागच्या जागी थांबली. हँडल मारायला गेलो तर ते तसूभर हलेना. झाकण उघडलं आणि धूर अंगावर आला. त्या धुराला वास होता. चुलीवर फोडणीचं तेल विसरलं की घरभर पसरतो तो वास. जवसाचा. मी तो वास जन्मल्यापासून ओळखतो.

बाजाराचा दिवस. त्या रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागलेली. टोपल्या घेतलेल्या बायका, बकऱ्या हाकणारे, मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेले व्यापारी, सगळे थांबले. एका निंबाखाली आमची मोटार आणि भोवती हा गोतावळा. कोणीतरी म्हणालं, "वकीलसाहेब, बैल आनू का?" खसखस पिकली. शेठनं धोतरावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. 

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं माझं झालं. मी म्हणालो, "मिस्त्र्यानं फसवलं. मेलेली मोटार रंग देऊन माझ्या गळ्यात मारली."

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी त्याला माझा राग म्हणून सोडून दिलं असतं. पण समोर माणसं होती आणि मी वकील होतो. मोटारीच्या पायरीवर उभा राहून मी चांगलं पाव तास बोललो. जबान दिली होती म्हणालो. विश्वासानं घेतली म्हणालो. अशा माणसाच्या हातात कोणी सायकलसुद्धा देऊ नये म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. नाकात तो वास होता आणि तोंडातून हे शब्द निघत होते. धाडच्या बाजाराला पंचवीस-तीस गावं येतात. दवंडी पिटायला माणूस ठेवला असता तरी इतकं काम झालं नसतं.

शेठ एका ओळखीच्या गाडीत बसून बाजाराला गेला. जाताना म्हणाला, "तो मिस्त्री मोटार खोलील तेव्हा मला बोलवा. मला पाहायचंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मायनं आमची बैलजोडी पाठवली. सालदारानं मोटारीला दोर बांधला. माय स्वतः बरोबर आली. तिचे बैल परक्या वस्तूला जुंपायचे म्हणजे ती घरी बसणार नव्हती. मी मोटारीत सुकाणू धरून बसलो. बारा-तेरा मैल बैल पुढे आणि मी मागे. रस्त्यातल्या प्रत्येक गावानं ही वरात पाहिली. माय बैलांच्या बाजूनं पायी चालत होती. मधेच मागे वळून म्हणाली, "म्या तं हिले पयलं तेल देल्लं होतं. तरी कशी बिघडली असंल रे?"

मी म्हटलं, "मिस्त्री लबाड निघाला, माय."

मिस्त्र्यापर्यंत बाजारातलं बोलणं आधीच पोचलं होतं.  त्यानं मोटार आत ढकलून घेतली. शेठ आल्यावर त्यानं इंजिन खोललं आणि एकेक भाग गोणपाटावर मांडायला लागला. तेलाच्या नळ्या निघाल्या, त्या बंद झालेल्या. बेरिंगं वितळलेली. सगळ्यावर एक तपकिरी, चिवट पापुद्रा. त्यानं नखानं तो खरवडला, बोट नाकाशी नेलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी शेडचे पत्रे मोजल्यासारखं वर बघत राहिलो.

माय दाराच्या खांबापाशी उभी होती. ती पुढे आली, वाकली आणि एका नळीवरून तिनं बोट फिरवलं. ते पदराला पुसलं आणि पुन्हा खांबाला टेकून उभी राहिली. मला वाटलं, म्हातारीला यंत्राचं नवल वाटतंय.

"काय निघालं, मिस्त्री?" शेठनं विचारलं.

मिस्त्र्यानं एक वाक्य बोलायचं होतं. 'यात जवसाचं तेल घातलंय,' बस्स. त्याची अब्रू परत आली असती, चिखलीचं काम परत आलं असतं. त्यानं मायच्या पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो माझ्यासाठी थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कचेरीत साक्षीदाराला आपण वेळ देतो, तसा त्यानं मला वेळ दिला. मी घसा खाकरला आणि पुन्हा पत्र्यांकडे बघायला लागलो.

"गलती माही हाय, शेठजी," मिस्त्री म्हणाला. "तेलाची नळी साफ करायची माह्याकून राहून गेली."

शेठ उठला. त्याच्या लॉऱ्या पुढे मलकापूरच्या कोणा माणसाकडे गेल्या.

मला लाज वाटली नाही असं नाही. वाटली. पण त्याहून सुटल्याचा आनंद मोठा होता, आणि आज मला त्या आनंदाची लाज जास्त वाटते. मनाशी मी एक छान कैफियतही तयार केली. मी मायसाठी गप्प बसलो. तिनं हौसेनं घातलेल्या तेलानं मोटार मेली हे तिला कळलं असतं तर तिचा जीव हळहळला असता. मिस्त्र्यानंही तिच्यासाठीच दोष स्वतःवर घेतला, म्हणजे आम्ही दोघांनी मिळून एका म्हातारीचं मन राखलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या कैफियतीवर मी चार वर्षं झोपलो, आणि झोप लागत होती.

मिस्त्र्यानं इंजिन पुन्हा बांधून दिलं. ते नंतर कधी कुरकुरलं नाही, यावरून त्याचा हात काय होता ते समजा. पण मोटारी त्याच्याकडे यायच्या थांबल्या. पंपही कमी झाले. शेडच्या बाहेर सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसलेला तो मला लांबून दिसायचा. मी धाडला जायला दुसरा, मैलभर लांबचा रस्ता काढला. कोणी विचारलं तर म्हणायचो, इकडून खड्डे कमी आहेत.

माय दर महिन्या-दोन महिन्यांनी बुलढाण्याला माझ्याकडे यायची. मी म्हणायचो, मोटार पाठवतो, आरामात ये. ती म्हणायची, "बैलगाडीनंच येतो मी. मले बरं वाटते." दसऱ्याला ती नांगराला, वखराला, गाडीला कुंकू लावायची. मोटारीला मलाच लावायला सांगायची. एकदाही ती तिच्यात बसली नाही. म्हातारी घाबरते, असं मी सगळ्यांना हसत सांगायचो. आणि आली की जेवताना हमखास एकदा विचारायची, "त्या मिस्त्र्याकडं गेल्ता का रे?"

"काही काम नाही गं. मोटार चांगली चाललीय."

"बरं," ती म्हणायची आणि ताटाकडे बघायची.

शेवटच्या आजारपणातही तिनं हे विचारलं. तेव्हा तिला धाप लागत होती, बोलणं तुटक होतं. "मिस्त्र्याकडं... गेल्ता का?" मला वाटलं, वात झालाय. मी तिचा हात थोपटत म्हटलं, "हो हो, सगळं ठीक आहे." तिनं डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी ती गेली.

तिच्या मातीला मिस्त्री आला होता. बुलढाण्याहून सायकलवर पंधरा मैल. नदीकाठी लोकांच्या मागे, सायकल धरून उभा होता. मला भेटला नाही. सगळं आटोपल्यावर पाहिलं तर सायकल नव्हती.

तेरावा झाल्यावर मी चार वर्षांनी पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेलो, तेही पायी. तेच स्टूल होतं. मी बसलो आणि जे पाठ करून आलो होतो ते बोललो. म्हटलं, "मिस्त्री, आता माय नाही. आता मला खरं सांगायला हरकत नाही. इतके दिवस मी तिच्यासाठी गप्प होतो. तुम्हीही तिच्यासाठीच बोलला नाहीत, ते उपकार मी विसरलो नाही."

तो चाकाच्या तारा आवळत होता. हात थांबला. "मायसाठी?"

"तिला कळलं असतं तर—"

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "मायले तं त्याच रोजी समजलं होतं. तिनं बोट लावून पाह्यलं ना. तिच्या चरवीले तेच बसे म्हने. दुसऱ्या रोजी गावाले जाता जाता इथीसा उतरली. मले म्हने, तेल माहं होतं ना रे बाप्पा? खरं सांग. म्या काय सांगू? म्हने, चल, शेठकडं जातो मी, सांगतो. म्या म्हनलं, माय, तुमच्या पोरानं भरबाजारात तोंड उचललं हाय. तुम्ही जासान तं त्याची वकिली बुडंल. तवा ती बसली. इथीसाच, ह्या स्टुलावर. लय वेळ बसली."

मी स्टुलावरून उठलो. तो पुढे बोलतच होता, खालच्या आवाजात, चाकाकडे बघत.

"मंग म्हने, मी नाही सांगत. तो सोताहून सांगल. माहं पोरगं हाय, आज ना उद्या सांगल. वाट पायतो मी. तुमच्याकडं आली का जाताना इथी गाडी थांबवे. एकच इचारे, आल्ता का? म्या म्हनो, नाही, माय. मंग जाय. येताना कधी जवस आने, कधी मुगाची दाळ. म्या नको म्हनलं तं रागावे."

मला तिथे रडू आलं नाही.  चार वर्षं माझ्या ताटासमोर बसून ती एकच प्रश्न विचारत होती आणि मी तिला मोटारीची तब्येत सांगत होतो. मी तिला खरं लपवून वाचवत नव्हतो. मी खोटा आहे हे तिला माहीत होतं, आणि माझ्या तोंडून ते निघावं म्हणून ती थांबली होती. तिचं मागणं साधं होतं आणि मी तेही पुरवलं नाही.

"आता काही करू नोका," मिस्त्री म्हणाला. "शेठ बी गेले वारून. कोनाले सांगता?"

पण पुढच्या बाजाराला मी धाडला गेलो, त्याच जुन्या रस्त्यानं. त्या निंबापाशी मोटार थांबवली आणि तिच्या पायरीवर उभा राहिलो.  म्हणालो, चार वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी मिस्त्र्याला लबाड म्हटलं होतं. तो लबाड नव्हता. त्यानं नको म्हणून बजावलं होतं, तरी इंजिनात जवसाचं तेल मी घालायला लावलं, आणि नाव त्याचं घेतलं. लोक थांबले, ऐकलं. पुष्कळांना आठवतही नव्हतं. एका बाईनं विचारलं, "काय इकून राह्यले हे?" तिच्या नवऱ्यानं तिला पुढे नेलं. बाजाराची वेळ होती, लोकांना कामं होती.

आमचा सालदार तेवढा मागे राहिला. त्याच्या खांद्यावर बैलांची नवी वेसण होती. मायला दर वेळी बुलढाण्याला नेणारा, शेडपाशी गाडी थांबवणारा तोच. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे नीट बघून बोलला.

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगतलं, साहेब?"

"माय होती ना," मी म्हणायला लागलो, "तिला—" आणि माझं मलाच ऐकू आलं. मेलेल्या बाईच्या पदराआड मी पुन्हा लपत होतो. मी थांबलो. म्हटलं, "लाज वाटत होती."

"हाव," तो म्हणाला. वेसण दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मायले बी वाटे. म्हनून तं ती मोटारीत बसे नाही."